गाडी चौघांची, आरसी बुकात नाव एकाचं



बोटीत वाटा असणं आपल्याला काही नवीन नाही. एकाचं इंजिन, दुसऱ्याची जाळी, तिसऱ्याचे पैसे, खलाशांची मेहनत. माल विकला की डिझेल, बर्फ, रेशन वजा करायचं आणि उरलेल्याचे वाटे पाडायचे. खाली सिंधुदुर्ग-गोव्याकडे रापणीत तर किती तरी घरांची जाळी जोडून एक रापण होते आणि पकडीत सगळ्यांचा वाटा ठरलेला असतो. या सगळ्याला कागद फारसा लागत नाही. शब्द लागतो, आणि अख्खं गाव साक्षीदार असतं.

आता आपली पोरं हीच रीत गाडीला लावतात. चौघं मिळून पिकअप घेतात, नाहीतर छोटा हत्ती. माल बंदरावरून थेट बाजारात न्यायचा, मधल्या व्यापाऱ्याला द्यायचा नाही. विचार एकदम बरोबर आहे. पण गाडीचा कायदा बोटीसारखा चालत नाही, आणि हे बहुतेकांना कळतं ते अपघात झाल्यावर किंवा घरातला कर्ता गेल्यावर. म्हणून आज थोडं सविस्तर लिहितोय. लांब आहे, पण ज्यांची गाडी भागीत आहे त्यांनी पूर्ण वाचा.

एक उदाहरण धरून चालू. समजा, डहाणूचे दोघे भाऊ, सातपाटीचा त्यांचा मेव्हणा आणि बडोद्याजवळ वाघोडियाला राहणारा मावसभाऊ, असे चौघं. बडोदा शहर म्हणजे गायकवाडांच्या काळापासून मराठी माणसांचं गाव, आणि वाघोडिया तिथून वीसेक किलोमीटर. जीआयडीसी आहे, कामगार वस्ती आहे, म्हणजे सुक्या-ओल्या मासळीला गिऱ्हाईक आहे. मुंबई-अहमदाबाद हायवे, आताचा राष्ट्रीय महामार्ग ४८, डहाणूकडून चारोटी नाक्याला पकडला की सरळ बडोद्याची वाघोडिया चोकडी. अडीच-तीनशे किलोमीटरचा रस्ता. रात्री बर्फात माल भरला की सकाळी बाजारात.

चौघांनी पन्नास-पन्नास हजार काढले, बाकीचं कर्ज. गाडी घेतली वाघोडियाच्या भावाच्या नावावर, कारण त्याची पगाराची स्लिप होती आणि बँकेने त्याचंच नाव मागितलं. पासिंग बडोद्याचं, जीजे-०६. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो टाकले. आता विचारा, ही गाडी कुणाची?

मोटार वाहन कायदा, १९८८ काय म्हणतो ते बघा. कलम २ मध्ये मालकाची व्याख्या आहे: ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली, तो मालक. गाडी कर्जाची असेल तर त्या करारान्वये गाडी ज्याच्या ताब्यात आहे, तो मालक. आणि कलम ४१ मध्ये नोंदणीचा अर्ज सांगताना एक छोटं वाक्य आहे, जे शोरूमवाला कधी वाचून दाखवत नाही. त्याचा अर्थ असा, की गाडी एकाहून जास्त जणांच्या सामाईक मालकीची असेल तर सगळ्यांच्या वतीने एकाने अर्ज करायचा, आणि या कायद्याच्या कामापुरता तोच मालक समजला जाईल.

म्हणजे सामाईक मालकी कायद्याला मान्य आहे, हे पहिलं लक्षात घ्या. ‘दोघांच्या नावाने गाडी होतच नाही’ असं जे लोक छातीठोकपणे सांगतात ते अर्धंच खरं आहे. गाडी दहा जणांची असू शकते. पण आरटीओ, पोलीस, न्यायाधिकरण यांच्यासमोर उभा राहणार एकच. २०२० च्या ऑक्टोबरात केंद्राने नोंदणीच्या फॉर्म २० मध्ये मालकीचा प्रकार लिहिण्याची सोय वाढवली. त्यात एकटा माणूस, फर्म, ट्रस्ट, सरकारी संस्था यांच्याबरोबर ‘एकाहून जास्त मालक’ हाही प्रकार आहे. अर्ज भरताना तो पर्याय आहे का, हे विचारायला हरकत नाही. एजंटला घाई असते, तो ‘वैयक्तिक’वर टिक करून मोकळा होतो. पण तो पर्याय निवडला म्हणून कलम ४१ चं ते वाक्य पुसलं जात नाही.

आता बोटीशी तुलना करा म्हणजे फरक कळेल. जहाजाच्या नोंदणीत हिस्से लिहायची पद्धत फार जुनी. इंग्लंडात जहाजाची मालकी ६४ हिश्श्यांत विभागायचा रिवाज आहे. आपल्याकडे १९५८ च्या व्यापारी जहाज कायद्याने जहाजाचे दहा हिस्से धरले. कुणाकडे किती हिस्से हे नोंदवहीतच दिसायचं. गाडीच्या आरसीत असा हिश्श्यांचा रकाना नाही. तुमचे चार आणे, माझे बारा आणे, हे तिथे कुठेच उमटत नाही.

बाहेरच्या देशांतही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. ब्रिटनमध्ये गाडीच्या कागदावर नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं, आणि हा मालकीचा पुरावा नाही असं त्याच कागदावर छापलेलं असतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात दोन नावं लावता येतात, पण मधे ‘आणि’ लिहिलं की ‘किंवा’ यावर सगळं ठरतं. ‘आणि’ असेल तर विकताना दोघांच्या सह्या, ‘किंवा’ असेल तर एकाची पुरे. एका शब्दावर गाडी जाते की राहते! आपल्याकडे तो शब्द लिहायला जागाच नाही. म्हणून तो आपल्याला वेगळ्या कागदावर लिहावा लागतो. त्याबद्दल पुढे.

आधी नाववाल्याची बाजू बघू, कारण सगळे म्हणतात ‘त्याचं काय, गाडी तर त्याच्या नावावर आहे, फायदा त्याचाच’. फायदा राहू दे, जबाबदारी बघा. चलान त्याच्या मोबाईलवर. बिनालायसन्सवाल्याच्या हाती गाडी दिली तर दंड त्याला. डहाणूच्या भावाच्या सोळा वर्षांच्या पोराने ‘जरा बर्फ घेऊन येतो’ म्हणत गाडी काढली आणि काही झालं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पोराचे आईबाप आणि गाडीमालक दोघांवरही येतं: तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. वाघोडियाचा भाऊ घरी झोपलेला असला तरी, आपल्याला काही माहीत नव्हतं किंवा आपण अडवायचा पूर्ण प्रयत्न केला, हे त्याला सिद्ध करावं लागेल.

सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा एक निकाल तर प्रत्येक गाडीवाल्याने ऐकून ठेवावा. एका माणसाने आपली मारुती विकली. घेणाऱ्याने पुढे विकली, त्यानेही पुढे, अशी गाडी हातोहात फिरली. आरसीवर नाव मात्र पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात केला आणि एक जीव गेला. पहिला माणूस म्हणाला, मी तर दोन वर्षांपूर्वीच विकली, ताबासुद्धा दिला. कोर्टाने सांगितलं, नोंदीत नाव ज्याचं तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याचीच. ज्याचा जीव गेला त्याच्या घरच्यांनी एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे शोधत फिरायचं नाही, हा त्यामागचा विचार. आणि तो योग्यच आहे असं मला वाटतं. उद्या हायवेला आपलं कुणी गेलं तर आपणही हेच म्हणू.

विमा चालू असेल तर थर्ड पार्टीची भरपाई विमा कंपनी देते. पण चालवणाऱ्याचं लायसन्स नसलं तर कंपनी आधी पैसे भरून मग नाववाल्याकडून वसूल करू शकते. आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. पॉलिसीत ‘मालक-चालक’ म्हणून जे १५ लाखांचं अपघाती कवच असतं ते फक्त नोंदीतल्या मालकाला, त्याच्याकडे लायसन्स असेल तर. आपल्या उदाहरणात रोज रात्री गाडी चालवतो कोण? सातपाटीचा मेव्हणा. त्याने पन्नास हजार टाकलेत, तो स्वतःला मालकच समजतो. पण ते १५ लाख त्याच्या बायकोला मिळणार नाहीत. त्याच्यासाठी वेगळी अपघात पॉलिसी काढावी लागते, किंवा पगारी ड्रायव्हर म्हणून जादा हप्ता भरून कवच घ्यावं लागतं. जो रात्रीचा हायवेला असतो त्याचं कवच आधी बघा, मग गाडीला रेडियम लावा.

लायसन्सचा विषय निघालाच आहे तर एक चांगली बातमीही सांगतो. साध्या एलएमव्ही लायसन्सवर साडेसात हजार किलो एकूण वजनापर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. पिकअप, छोटा हत्ती त्यात सहज बसतात. आणि तीन हजार किलो एकूण वजनाच्या आतल्या मालगाडीला परमिटची अट कायद्यातच माफ आहे. त्यावरचं वजन असेल तर दोन राज्यांत फिरायला परमिट बघावं लागेल. गाडी घेतानाच कागदावरचं एकूण वजन वाचा. पांढऱ्या पाटीच्या खाजगी कारमधून भाड्याने दुसऱ्याचा माल नेणं मात्र टाळा. विमा कंपनीला क्लेम नाकारायला तेवढं पुरतं.

आता पासिंगचं. आपल्या चौघांपैकी तीन महाराष्ट्रात, एक गुजरातेत. गाडी कुठे नोंदवायची? कायद्याचं म्हणणं असं, की मालकाचं राहणं किंवा धंदा जिथे आहे आणि गाडी साधारणपणे जिथे ठेवली जाते, त्या राज्यात. वाघोडियाच्या भावाच्या नावावर असेल आणि गाडी त्याच्या दारात लागत असेल तर जीजे-०६ ठीक. पण गाडी खरी उभी राहते सातपाटीला, आणि वाघोडियाला फक्त माल उतरवून परत फिरते, अशी स्थिती असेल तर गोष्ट वेगळी. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथला नवीन नंबर घ्यावा लागतो. आधी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मग नवीन राज्याचा कर. कर्ज असेल तर बँकेचीही संमती. ‘बीएच’ नंबर घेऊ म्हणणारे आहेत, पण ती सोय सरकारी नोकरांना आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना, तीही खाजगी गाडीला. आपल्या मालगाडीला नाही.

माझं मत विचाराल तर गाडी जिथे रात्री उभी राहते तिथल्याच माणसाच्या नावावर घ्या. पगाराची स्लिप कुणाकडे आहे हे बघून नाव ठरवू नका. स्लिपवाल्याला सहकर्जदार करता येतो.

आता जो भाग लिहायला मन धजत नाही, पण आपल्या धंद्यात तो टाळता येत नाही. नाववाला गेला तर?

साधा मृत्यू असेल तर नियम सोपा आहे. मृत्यूनंतर ३० दिवसांत वारसाने आरटीओला कळवलं तर तीन महिने गाडी तशीच वापरता येते, आणि त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यायचं. २०२१ पासून आरसीवर नॉमिनी लावायची सोय आहे, त्यामुळे हे आणखी सोपं झालं. पण इथे आपल्या तीन भागीदारांची जागा कुठे आहे? कुठेच नाही. वारस म्हणजे वहिनी आणि पोरं. आरटीओ विचारणार त्यांनाच. वहिनी समजूतदार असेल तर प्रश्न नाही. पण वहिनीचं माहेर म्हणेल, गाडी आमच्या जावयाच्या नावावर, तुमचा संबंध काय? आणि त्यांचंही चूक म्हणता येत नाही. त्यांच्या हातात सरकारी कागद आहे, तुमच्या हातात पेढ्यांचे फोटो. उलटही होतं. तिघे भागीदार गाडी घेऊन जातात, हप्ता वहिनीच्या नवऱ्याच्या खात्यातून कटत राहतो, आणि ती बिचारी बँकेच्या पायऱ्या झिजवते.

आणि समुद्रात बेपत्ता झाला तर? मृतदेह नाही म्हणजे मृत्यूचा दाखला लगेच नाही. कायद्यात सात वर्षं ज्याची खबर त्याच्या जवळच्यांना लागली नाही तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर, असा नियम आहे. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होता, आता २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमात आहे. मोठ्या वादळात सरकारं कधी ढील देतात. २०१७ च्या ओखीनंतर केरळने बेपत्तांच्या घरच्यांना सात वर्षं थांबवलं नाही. पण एकट्या बोटीवरून रात्री एक माणूस पाण्यात पडला, तर त्या घराला ही ढील आपोआप मिळत नाही. गाडी त्याच्या नावावर असेल तर ती विकता येत नाही, नाव बदलत नाही. हप्ता मात्र बँक थांबवत नाही.

तिसरी स्थिती आपल्याच जिल्ह्याला चांगली माहीत आहे. पालघरकडचे खलाशी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर जातात, सीमारेषेजवळ पकडले जातात आणि कराचीच्या जेलमध्ये वर्षानुवर्षं राहतात. माणूस जिवंत आहे, म्हणून वारस नाही. माणूस इथे नाही, म्हणून सही नाही. अशा वेळी उपयोगी पडतं ते आधीच करून ठेवलेलं नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र. ज्याच्या नावावर गाडी आहे आणि जो मासेमारीला जातो, त्याने बायकोच्या किंवा भागीदाराच्या नावे ते करून ठेवावं. एवढं मात्र ध्यानात ठेवा, कुलमुखत्यारपत्र माणूस जिवंत असेपर्यंतच चालतं.

खरं सांगायचं तर समुद्रावर जाणाऱ्याच्या नावावर भागीची गाडी घेऊच नये. किनाऱ्यावर बसून विक्री बघणारी बहीण, आई, वहिनी यांच्यापैकी कुणाच्या नावावर का नको? बाजार तर त्याच सांभाळतात. मत्स्यसंपदा योजनेत मासळीच्या वाहनांना अनुदान आहे: इन्सुलेटेड गाडी, बर्फपेटीवाली तीनचाकी, बर्फपेटीची मोटारसायकल. सर्वसाधारण लाभार्थ्याला ठरलेल्या युनिट खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. तीनचाकीचा युनिट खर्च ३ लाख धरलेला आहे, म्हणजे हिशेब करा. फक्त लाभार्थी म्हणून जिचं नाव लावाल तिला खरंच मालकीण माना. नावापुरती बाई आणि चावी दुसऱ्याच्या खिशात, असला प्रकार नको. अपघाताची जबाबदारी तिच्यावर येणार आहे, वर वाचलंच.

मग भागीदारांनी करायचं काय? कलम ४१ मध्ये ‘या कायद्याच्या कामापुरता’ असे शब्द आहेत, आणि तेच आपल्या उपयोगाचे. आरटीओसाठी मालक एक. पण आपसात कुणाचे किती पैसे, कुणाचा किती वाटा, हे आरसीवर ठरत नाही, करारावर आणि पैशाच्या पुराव्यावर ठरतं. म्हणून पैसे रोख देऊ नका. पन्नास हजार असोत की पाच, नाववाल्याच्या खात्यात बँकेतून टाका आणि कशासाठी ते लिहा. नंतर स्टॅम्पपेपरवर करारनामा करा. आपण बोटीचा वाटा तोंडी चालवतो म्हणून गाडीचा कागद मागायला लाज वाटते, भाऊबंद काय म्हणतील असं वाटतं. बोटीला गाव साक्षीदार असतं. हायवेला कोण असतो?

करारात वाटे तर येतीलच. पण भांडणं होतात ती बारीकसारीक गोष्टींवरून. टायर कुणी घालायचे? ज्याच्या फेरीत चलान आलं त्याने भरायचं की सगळ्यांनी? लग्नाला गाडी नेली तर डिझेल कुणाचं? एकाला बाहेर पडायचं असेल तर त्याचा वाटा कोणत्या भावाने, नव्या गाडीच्या की आजच्या? नाववाल्याने बाकीच्यांची लेखी संमती नसताना गाडी विकायची किंवा त्यावर दुसरं कर्ज काढायचं नाही, हे एक वाक्य ठळक लिहा. आणि नाववाला गेल्यास वारसांनी इतरांचे वाटे मान्य करायचे, या मजकुराखाली त्याच्या बायकोची सही साक्षीदार म्हणून आत्ताच घ्या. ती समोर असताना, चहा पिता पिता. एक प्रत तिच्याकडे द्या.

नाववालाच भागीतून बाहेर पडत असेल तर मात्र ती आरटीओच्या दृष्टीने विक्रीच. फॉर्म २९ आणि ३० भरायचे, त्याच राज्यात असेल तर देणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. विमाही १४ दिवसांत नव्या नावावर. कर्ज फिटलं असेल तर फॉर्म ३५ देऊन बँकेचं नाव आरसीवरून काढून घ्या. कित्येक गाड्यांवर कर्ज फिटून पाच वर्षं झाली तरी बँकेचं नाव तसंच असतं, आणि विकायच्या दिवशी धावाधाव होते.

चारपेक्षा जास्त जण असतील तर एकाच्या नावाचा खटाटोप सोडा. भागीदारी फर्म करा, १९३२ च्या कायद्याखाली नोंदवा, आणि गाडी फर्मच्या नावावर घ्या. नोंदवणं सक्तीचं नाही, पण न नोंदवलेल्या फर्मच्या भागीदाराला करारातला हक्क मागायला कोर्टात जाता येत नाही, म्हणून थोडा खर्च करा. किंवा गाडी सोसायटीच्याच नावावर घ्या. सर्वसाधारण सभेत ठराव, सही करणारा पदाधिकारी ठरवलेला, लॉगबुक ऑफिसात. एक सभासद गेला तरी गाडीचा मालक जात नाही, हा मोठा फायदा. तोटा एवढाच, की फर्म किंवा सोसायटीच्या गाडीला ते १५ लाखांचं मालक-चालक कवच मिळत नाही, कारण संस्था काही गाडी चालवत नाही. तेव्हा ड्रायव्हरची पॉलिसी वेगळी काढायचीच. काही सभासद म्हणतील, सोसायटीची गाडी म्हणजे कुणाचीच नाही, ऑइलसुद्धा कुणी बघत नाही. तेही खरं आहे. म्हणून लॉगबुक.

राहिला बंदीचा काळ. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटी बंद. हप्ता, विमा, टॅक्स चालूच. या दोन महिन्यांत गाडी कुणी वापरायची, भाजी-आंबे-सिमेंट काय भरायचं आणि त्या भाड्यातून आधी हप्ता जाणार की वाटे पडणार, हे करारात नसेल तर मे संपायच्या आत लिहून घ्या. सगळे भागीदार घरी असण्याचा काळ तोच, सह्यांना कुणाला शोधत फिरावं लागत नाही. आणि जाताना आरसी एकदा उघडून बघा, नाव कुणाचं आहे, पत्ता जुना तर नाही, बँकेचं नाव अजून आहे का. पत्ता बदलला असेल तर ३० दिवसांत कळवायचा असतो. चलान जुन्या पत्त्यावर आणि बंद पडलेल्या मोबाईल नंबरवर साठत असतात.